एपीएस: जुनी गोळी की नवी?

जतहून मिरजेला एसटीने जायचं, तपासणीला रक्त द्यायचं, आयएनआरचा (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा) आकडा घेऊन संध्याकाळी परत. वहिनीचा हा दर महिन्याचा फेरा. त्यामुळे "तपासणी नको, पथ्य नको, अशी नवी गोळी आलीय ना?" हा विषय आमच्या घरी सारखा निघायचा.

आजार अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजेच एपीएस. आपल्याच अँटिबॉडींमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात; प्रयोगशाळेतल्या नळीत मात्र तेच रक्त गोठायला उशीर लावतं! वहिनीची पोटरी सुजली तेव्हा मुरगळलं असेल म्हणून आठवडाभर हळदीचा लेप चालला; निघाली गुठळी. आधीचे गर्भपात कुणी त्याच्याशी जोडलेच नाहीत. कमी वयात गुठळी आणि वारंवार गर्भपात, असं दिसलं तर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन या तीन तपासण्यांबद्दल विचारा. पॉझिटिव्ह आल्या तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण एखाद्या संसर्गानंतरही त्या तात्पुरत्या पॉझिटिव्ह येतात.

गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा त्याच गटातली अ‍ॅसिट्रॉम. स्वस्त, पण कटकटीची. आयएनआर साधारण 2 ते 3 मध्ये ठेवायचा. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून आम्ही आधी ती बंदच केली होती. मग रानातली मेथी आली, आठवडाभर रोज झाली आणि आकडा 1.6 वर. भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं, हे तेव्हा कळलं. पेनकिलर मनाने घ्यायची नाही.

नवी म्हणजे रिव्हारोक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन. ठरलेला डोस, आयएनआर नाही, मेथीची भानगड नाही. पायातल्या साध्या गुठळीला उत्तम. पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या ट्रॅप्स चाचणीत तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेले रुग्ण होते. रिव्हारोक्सॅबॅनवरच्या 59 पैकी 7 जणांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला. वॉरफरिनवर असं एकालाही झालं नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

म्हणून तिन्ही पॉझिटिव्ह असतील किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर माझ्या मते नव्या गोळीचा हट्ट धरूच नये. एकच पॉझिटिव्ह, गुठळी फक्त शिरेत (धमनीत नाही) आणि आयएनआर काही केल्या जागेवर राहत नाही, तर डॉक्टरांना जरूर विचारा. दिवस राहिले तर मात्र दोन्ही नकोत. तिथे हेपॅरिनची इंजेक्शनं आणि कमी डोसची अ‍ॅस्पिरिन. पाळी चुकली की त्याच दिवशी फोन.

वहिनीच्या तिन्ही पॉझिटिव्ह, त्यामुळे गोळी जुनीच राहिली. आता रक्त जतलाच देतो, आकडा डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि मिरजेची फेरी तीन महिन्यांनी एकदा.