रेनेसाँ वॅक्स: पितळी शिरस्त्राणावर वर्षभर वापरून

मी इंग्लंडमध्ये चेस्टरला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने रोमन शिपायाचा वेश चढवतो. आमचा गट इ.स. 43 च्या स्वारीत ब्रिटनमध्ये उतरलेली विसावी लीजन, म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी, वेशभूषेसह उभी करतो; पुढे तिचा तळ इथेच, चेस्टरला पडला. माझं कूलस घाटाचं (रोमन शिरस्त्राणांचा एक प्रकार) शिरस्त्राण 18 गेजच्या, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याचं आहे. घडवलंय मात्र भारतात. खोक्यावर ते वाचलं तेव्हा ऊर भरून आला होता.

ते आलं तेव्हा त्यावर पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर होता. दिसायला सुरेख, पण शिरस्त्राण रोज हाताळायची वस्तू आहे. गालपट्ट्या जिथे घासतात तिथे लॅकरला ओरखडे गेले, ओल आत शिरली आणि खाली तपकिरी डाग पसरले. लॅकरच्या खालचा डाग घासताच येत नाही. शेवटी अंगणात बसून, हातमोजे घालून, ॲसिटोनने सगळं लॅकर उतरवलं. दोन संध्याकाळी गेल्या.

मग मी लहानपणीचा उपाय केला. वाईला आजी समई आणि देवांची भांडी चिंचेने घासायची, तसाच कोळ लावला आणि जरा जास्त वेळ ठेवला. कपाळावरच्या पट्टीजवळ गुलाबी झाक आली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जस्त आधी निघून जातं आणि वर तांबं उरतं. आजीचा हात भराभर चाले, लगेच पाण्याखाली धुऊन भांडं कोरडं व्हायचं. माझ्या शिरस्त्राणाची ती झाक काढायला तासभर पॉलिश घासावं लागलं.

पॉलिश घेतानाही अमोनिया नसलेलंच घ्या, हे मी कळकळीने सांगतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पितळी काडतुसं तबेल्यांजवळ ठेवली जात आणि पावसाळ्यात ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून घडवताना पत्र्यात राहिलेला ताण, असं ते त्रिकूट होतं. 1921 मध्ये त्याचा उलगडा झाला. शिरस्त्राणही ठोकूनच घडवलेलं असतं.

आता मेणाच्या डबीकडे येतो. रेनेसाँ वॅक्स हे ब्रिटिश म्युझियमच्या संशोधनातून निघालेलं, संग्रहालयांत वापरलं जाणारं मेण. पितळ आधी पूर्ण स्वच्छ, कोरडं आणि बोटांच्या ठशांवाचून हवं, नाहीतर ठसा मेणाखाली कायमचा बसतो. मी हेअर ड्रायरने पत्रा कोमट करतो, नखाएवढं मेण सुती फडक्यावर घेऊन तळहाताएवढाच भाग एका वेळी करतो आणि लगेच दुसऱ्या फडक्याने पुसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. स्पिरिटचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा. आरशासारखी झळाळी किंचित उतरते, पण मला ती मऊ, सोनेरी छटाच जास्त भावते.

किंमत पाहून मीही थबकलो होतो. पण 200 मिलिलिटरच्या डबीतला पाव भागही वर्षात संपला नाही. शाळेतली पोरं शिरस्त्राण डोक्यावर घालून बघतात, चिकट बोटं लावतात. घरी आल्यावर कोरडं फडकं पुरतं. कपाटात ठेवलं तर तीन महिने रंग टिकतो. दिवसभर पावसात कवायत झाली की मात्र रात्रीच पुसून नवा हात द्यावा लागतो. आणि हनुवटीच्या चामडी पट्ट्याजवळ, रिवेटांभोवती हिरवं जंगाल धरतंच. चामडं घाम धरून ठेवतं, तिथे मेण किती पुरणार? मी पट्टा सोडवून वेगळा वाळवतो.

खवल्यांचं चिलखत असेल, तर पॉलिश आणि मेण खवले तारेने जोडण्याआधीच लावा. जोडल्यावर पॉलिश फटींत साचून पांढरं पडतं आणि कापडी अस्तर डागाळतं. एका मित्राला त्यापायी सगळं चिलखत उसवावं लागलं.

आईने फोनवर विचारलं, समईला लावू का हे मेण? नको म्हटलं. तिथे तेल आणि ज्योत असते, मेण टिकायचं नाही. समईला चिंचच बरी, फक्त लगेच धुवायची.