ए70 की डब्ल्यू1? जुना डिजिटल कॅमेरा घेण्याआधी

भाचीला जुना डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. जुन्या बाजारात तिने दोन हेरून ठेवलेत: कॅननचा पॉवरशॉट ए70 आणि सोनीचा सायबरशॉट डब्ल्यू1. "मामा, कुठला घेऊ?" दोन्ही माझ्या कपाटात आहेत, म्हणून रविवारी सकाळी ते घेऊन आम्ही पर्वती चढलो.

कागदावर डब्ल्यू1 सरस. 2004 सालचा, 5 मेगापिक्सेलचा, मागे अडीच इंची स्क्रीन. ए70 त्याच्या आदल्या वर्षीचा, 3.2 मेगापिक्सेल आणि स्क्रीन जेमतेम दीड इंच. ऑप्टिकल झूम दोघांनाही तिप्पटच. पण पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला 3.2 मेगापिक्सेल पुरून उरतात, त्यामुळे या आकड्यावर अडून बसू नका.

खरा फरक वरच्या गोल चकतीत आहे. ए70 मध्ये शटरचा वेग किंवा अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक किती मोठं ते), यातलं हवं ते एक आपण ठरवायचं आणि दुसरं कॅमेऱ्यावर सोडायचं, अशी सोय आहे. भाचीने आधी शटरला सेकंदाचा पाचशेवा भाग लावला, बटण अर्धं दाबून धरलं, व्ह्यूफाइंडरशेजारचा (डोळा लावून बघायच्या खिडकीशेजारचा) हिरवा दिवा स्थिर झाल्यावर पूर्ण दाबलं. उडणाऱ्या कबुतराचं पीस न् पीस दिसलं. मग साठावा भाग लावला, तर पंखांच्या जागी नुसता करडा फराटा. शटर म्हणजे काय, हे तिला त्या दोन फोटोंत कळलं. डब्ल्यू1 मध्येही मॅन्युअल आहे, म्हणजे दोन्ही आपणच ठरवायचं, पण शिकणाऱ्याला मधली ही पायरी हवी असते.

व्हिडिओत मात्र सोनी पुढे. ए70 पूर्ण आकाराचं चित्रण अर्धा मिनिटच करतो. डब्ल्यू1 सेकंदाला 30 फ्रेम घेतो, पण त्या दर्जासाठी मेमरी स्टिक प्रो हे सोनीचं मेमरी कार्ड लागतं आणि ते शोधत फिरावं लागतं. ए70 चं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड अजून नवं मिळतं.

दोन्ही पेन्सिल सेलवर चालतात, हे फार मोलाचं. ए70 ला चार लागतात, म्हणून तो हाताला जड. दहा-वीस रुपयांचे साधे सेल घालू नका, दोन-चार फोटोंत बसतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडच घ्या.

ए70 घेताना एक तपासणी चुकवू नका. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे सीसीडी सेन्सर (प्रकाश टिपून चित्र बनवणारी चिप) उष्णता आणि दमटपणामुळे बिघडत आणि फोटो काळा किंवा जांभळट रेघांचा येई. ए70 त्या यादीत होता. सेल आणि कार्ड सोबत न्या, तिथेच दहा फोटो काढा. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून आतल्या पिना सरळ आहेत ना, तेही बघा.

बारसं, मुंज, घरातला गोतावळा टिपायचा तर डब्ल्यू1 घ्या. भाचीला मी ए70 घ्यायला सांगितलंय. येत्या बुधवारी चार्ज केलेले चार सेल खिशात टाकून आम्ही जुन्या बाजारात जाणार आहोत.