डुप्लिकेटर घेऊन आठ महिने झाले: मशीनपेक्षा कागदानं जास्त छळलं

गेल्या शनिवारी रात्री माझ्या डुप्लिकेटरच्या, म्हणजे एका साच्यावरून भराभर प्रती काढणाऱ्या मशीनच्या, शाईच्या ड्रमच्या कडेनं शाई गळाली आणि रविवारच्या टेस्टची निम्मी पानं डागाळली. मेकॅनिक संभाजीनगरहून येणार, म्हणजे नुसते येण्याचेच पंधराशे. फोनवर विचारत विचारत मीच ड्रम बाहेर ओढला, जुना मास्टर (पानाचा बारीक छिद्रांचा पातळ साचा, ड्रमवर गुंडाळलेला; प्रत्येक पानाला एक लागतो) सोलून काढला, जाळी पुसली. मास्टरला सुरकुती पडून कडेला चीर गेली होती, एवढंच. नवा मास्टर काढल्यावर मशीन चालू झालं. त्या चिडीतून हे लिहायला बसलोय, पण मशीन विकणार नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियात माझा छोटा क्लास आहे. नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेचा १८० प्रश्नांचा सराव पेपर १६ पानांत बसतो, पोरं १३०. बाहेर झेरॉक्सला एका बाजूचे ७० पैसे, म्हणजे एका पेपरला १,४५६ रुपये जायचे. जुनं मशीन ६५ हजारांना घेतलं. आता १६ मास्टरचे ९६ रुपये, शाईचे शंभर-एक आणि कागद. मास्टर एकदा काढला की ३० प्रती काढा नाहीतर ३००, त्याचा खर्च तेवढाच. म्हणूनच दहा पोरांच्या बॅचचं काम मी आजही झेरॉक्सवाल्याकडेच देतो.

पहिले तीन महिने मी या मशीनला शिव्या घातल्या. बायोलॉजीच्या आकृत्यांचा काळा भाग वरच्या पानाच्या पाठीवर उमटायचा. हृदयाच्या आकृतीवर केमिस्ट्रीचे डाग! विक्रेत्यानं आधी महागडी शाई गळ्यात मारली, मग फीड रबर बदलायला लावलं. डाग तसेच. शेवटी प्रेसवाल्या काकांनी माझं पान बोटांनी चोळून बघितलं. म्हणाले, "सर, कागद गुळगुळीत हाय तुमचा. ही शाई वाळत नसती, कागदात मुरती. मॅपलिथो लावून बघा की."

तिथंच माझं मत फिरलं. झेरॉक्सचा कागद मला ५० पैशांना पडायचा. आता मॅपलिथोचा, म्हणजे शाई मुरणाऱ्या छपाईच्या कागदाचा, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) २३ बाय ३६ इंची ५०० शीटचा रिम घेतो आणि काकांच्या कटिंग मशीनवर कापून आणतो. एका शीटची ९ बाय साडेअकराची आठ पानं, म्हणजे रिमची ४,०००. कटिंग धरून पान ४० पैशांना. ए४ पेक्षा लांबीला किंचित कमी, त्यामुळे खालचा समास आधीच कमी धरावा लागतो. डाग जवळजवळ गेले. ६० जीएसएम घेऊ नका, पाठपोट छापलं की मागचं अक्षर पुढं दिसतं. आणि कापताना ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, विचारा. एकदा उलट्या ग्रेननं कापून आणला तर पानं वळून अडकत राहिली, अख्खी दुपार गेली.

एप्रिल-मेच्या उन्हात कोरड्या हवेनं पानं एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन ओढली जातात. एका पोरीला सातवं पान कोरं गेलं, टेस्टमधली तिची दहा मिनिटं वाया गेली. मला फार लागलं ते. आता गठ्ठा लावण्याआधी चारी बाजूंनी फुलवून घेतो आणि बांधणीच्या वेळी प्रत्येक प्रत चाळतो. तीन-चार दिवस मशीन बंद राहिलं तर पहिली पंधरा-वीस पानं फिकी येतात, ती जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर काढा.

लाईट गेली तरी मास्टर ड्रमवरच राहतो. आली की तिथून पुढं छपाई सुरू, नवा मास्टर लागत नाही. पावसाळ्यात याचा फार आधार झाला.

साठाच्या वर पेपर निघाले, ४५ हजारांच्या आसपास वसूल झालेत. ओएमआर शीट (गोल रंगवून उत्तरं द्यायची, स्कॅनरनं तपासायची) मात्र यावर काढू नका. छपाई एखाद-दोन मिलिमीटर सरकते आणि स्कॅनर गोल चुकीचे वाचतो. ती मी काकांकडूनच ऑफसेटवर वर्षाची एकदम छापून घेतो, प्लेटचा खर्च एकदाच पडतो.