वानझेचा बंगला, बर्लिन: आईला घेऊन गेलो होतो

बर्लिनमध्ये चार वर्षं झाली पण इथे जाणं आई आल्यावरच झालं. हाऊस ऑफ द वानझे कॉन्फरन्स. २० जानेवारी १९४२ ला १५ नाझी अधिकारी बसले आणि युरोपातले ज्यू संपवायच्या कामात कुठल्या खात्याने काय करायचं ते बोलले, तो हा बंगला. एंट्री फ्री. एस-बानने (बर्लिनची लोकल) वानझे स्टेशन आणि तिथून ११४ नंबरची बस.

तळ्याकाठी, झाडीत, मस्त जागा आहे. आई म्हणाली अरे हे तर रेस्टहाउस वाटतंय, आणि खरंच तेव्हा ते एसएसचं, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचं, गेस्टहाउस होतं.

मला वाटलं होतं तिला कंटाळा येईल, कारण छळछावण्यांच्या म्युझियमसारखे मारलेल्यांच्या चपलांचे ढीग वगैरे इथे बघायला मिळत नाहीत, सगळा कागद आहे. पण आई ३१ वर्षं जिल्हा परिषदेत होती, आयुष्यभर बैठकांची इतिवृत्तं लिहिली, त्यामुळे ती त्या कागदांसमोरून हलेचना. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होतो. १५ पानी इतिवृत्त, गोपनीयचा शिक्का, ३० प्रतींपैकी १६ वी, तेवढी एकच १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या फायलीत सापडली. सुरुवातीला हजर असलेल्यांची नावं, हुद्द्यांसकट, निम्म्याहून जास्त डॉक्टरेट झालेले. पुढे कुठल्या देशात किती ज्यू त्याचा तक्ता, इंग्लंड ३,३०,०००, आयर्लंड ४,०००, अल्बानिया २००, एस्टोनियापुढे आकडा नाही, नुसतं 'ज्यूमुक्त', आणि खाली बेरीज १ कोटी १० लाखांवर. आई म्हणाली दोनशेसुद्धा सोडले नाहीत रे.

बैठक बोलावणारा एसएसचा बडा अधिकारी हायड्रिख, त्याने बोलावणं पाठवलं त्यात 'नंतर नाश्ता' असंही लिहिलेलं. म्हणजे आपल्या पत्रिकेवर चहापान असतं तसं.

मारणे हा शब्द त्यात सरळ येत नाही. पूर्वेकडे स्थलांतर, आणि कष्टाच्या कामातून जे जगतील वाचतील त्यांच्याबाबत 'तदनुसार कार्यवाही'. मी आधी साधं भाषांतर केलं होतं, हा शब्द आईने दिला. हे इतिवृत्त तयार करणारा आइकमन १९६१ च्या जेरुसलेमच्या खटल्यात बोलला की बैठकीत मारण्याबद्दल उघड चर्चा झालेली, कागदावर मात्र सरकारी भाषा आली. आईला ह्यात काहीच नवल वाटलं नाही, म्हणाली बोललेलं सगळं इतिवृत्तात घ्यायचं नसतं.

एक गैरसमज माझाही होता की ज्यूंना मारायचं इथेच ठरलं. तसं नाही, कीव्हजवळ बाबी यारला सप्टेंबर १९४१ मध्येच दोन दिवसांत ३३,७७१ जणांना गोळ्या घातलेल्या, इथे फक्त खात्याखात्यांमधला मेळ बसवला, आणि ती बैठक साधारण दीड तासात आटोपली.

घाईत बघू नका. मी दोन तास धरले होते ते कमी पडले, चूक माझीच. सगळं जर्मन आणि इंग्रजीत आहे आणि वाचायचं भरपूर, लहान मुलं कंटाळतील. अभ्यास करणाऱ्यांसाठी लायब्ररी आहे, योसेफ वुल्फच्या नावाची. हा माणूस आउशविट्झ या नाझी छळछावणीतून वाचलेला, इथे अभ्यासकेंद्र करा म्हणून साठच्या दशकात मागे लागला होता, पण बंगल्यात तेव्हा शाळेच्या मुलांचं सुट्टीतलं वसतिगृह होतं आणि ते हलवायला कोणी तयार नव्हतं. १९७४ मध्ये त्याने आत्महत्या केली, म्युझियम उघडलं १९९२ मध्ये, आणि मग लायब्ररीला नाव त्याचं.

परतताना एस ७ या लोकलने ग्रुनेवाल्डला उतरा, फलाट १७. इथून बर्लिनच्या ज्यूंना हद्दपार करणाऱ्या गाड्या सुटायच्या. फलाटाच्या कडेला लोखंडी पट्ट्या आहेत, प्रत्येक गाडीची एक, त्यावर तारीख, माणसं किती आणि कुठे पाठवली. आई वाकून वाकून वाचत होती पण आम्हाला उशीर झाला होता आणि पुढची अक्षरं अंधारात दिसेनात, तर उजेड असताना जा.