दुतोंड्या मारुती काचेत उतरवताना: डेकल छपाईचा अनुभव

वडिलांनी १९६९च्या पुरात काढलेला एक फोटो आमच्या घरी आहे. पूर ओसरत होता, नाशिकच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी होतं आणि मागे देवळांचे कळस. फोटो आता पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला वाळवी लागली. सूनबाई घरच्या छोट्या विजेच्या भट्टीत काच वितळवून पेंडंट, थाळ्या वगैरे करते. ती म्हणाली, "बाबा, हा फोटो काचेतच बसवू ना, मग वाळवी काय करेल?"

आधी फुकटातला उपाय केला. डेकलचा कागद, म्हणजे ज्यावरचं चित्र पाण्यात सुटून दुसरीकडे चिकटवता येतं तो, आणला आणि घरच्या लेझर प्रिंटरवर फोटो छापला. काचेवर सुंदर बसला. भट्टीतून बाहेर आली ती कोरी काच. मारुती गायब, पूर गायब, सगळं वाहून गेलं. आमच्या प्रिंटरच्या टोनरमधला, म्हणजे शाईच्या भुकटीतला, काळा रंग कार्बनचा, तो जळूनच जातो. ज्या टोनरमध्ये लोहाचा ऑक्साइड असतो, त्याचं लोखंड मागे राहतं आणि चित्र गंजासारखं तपकिरी उमटतं. आमच्यात ते नव्हतं. म्हणून मग बाहेर छापून घ्यायचं ठरलं.

अंबड एमआयडीसीत एक जण सिरॅमिक टोनरवर, म्हणजे भट्टी सोसणाऱ्या रंगांत, डेकल छापून देतो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. एक ए-फोर कागद ४२० रुपये, कमीत कमी तीन कागद. मी ३३ वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतो. टपाल तिकिटांच्या छपाईत एक रेघ हलली तरी अख्खा ताव बाद व्हायचा. त्यामुळे पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा भिंग काढलं. आणि खरं सांगतो, छपाई चांगली आहे. कळसांच्या कडा स्वच्छ, पाण्यातल्या सावल्यांचे ठिपके एकसारखे, चित्र धरून ठेवणारा वरचा लाखेचा थर कुठे जाड कुठे पातळ असं नाही. हा पोरगा आमच्या वेळी असता तर मी त्याला डिपार्टमेंटला घेतलं असतं.

गडबड कागदानंतर सुरू झाली. पार्सलमध्ये एक चिठ्ठी होती: ८२० अंशाला भाजा. ती टाइल आणि मगवाल्यांसाठीची निघाली. काचेबद्दल त्यात एक अक्षर नाही. सूनबाईने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण मीच म्हटलं, छापणाऱ्याला जास्त कळतं. तीन मिलिमीटरच्या एकेरी पांढऱ्या काचेवर डेकल लावून ८२० ला नेली. एवढ्या आचेला काच मऊ होते आणि साधारण सहा मिलिमीटर जाडी होईपर्यंत स्वतःला आत ओढून घेते. मारुतीची कमर अशी बारीक झाली की पैलवानाचा नाच्या झाला. सूनबाई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी, त्याच कागदावरचा दुसरा मारुती घेऊन, तिच्या मताने केलं. आधी खाली पांढरी आणि वर पारदर्शक अशा दोन काचा वितळवून एक जाड पाटी तयार केली. ती थंड झाल्यावर स्पिरिटने पुसून मग डेकल. कोमट पाण्यात मिनिटभर ठेवला की चित्र कागदावरून सुटतं, सरकवून काचेवर घ्यायचं आणि रबराच्या पट्टीने मधून बाहेर पाणी काढत जायचं. इथेच घाई नडते. खाली पाण्याचा थेंब राहिला तर भट्टीत त्याची वाफ होते आणि चित्राला टाचणीएवढं भोक पडतं. आम्ही रात्रभर वाळवलं. ५०० अंशापर्यंत भट्टीचं झाकण बोटभर उघडं ठेवलं, कारण तोवर वरची लाख जळून जाते. तिचा धूर आत कोंडला तर चित्रावर राखाडी झाक येते. वासही असला की शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, काय जाळताय? पुढे ७५० अंश, दहा मिनिटं. मग काचेतला ताण निघावा म्हणून ४८२ ला तासभर विसावा, आमच्या जातीच्या काचेला तेवढा लागतो. आणि सकाळपर्यंत झाकणाला हात नाही. मी पहाटे तीनदा जाऊन नुसता आकडा बघून आलो.

निघाला तो मारुती पाहण्यासारखा. काळ्या-करड्या छटांमध्ये अगदी फोटोसारखा. नख मारून पाहिलं, खरवडत नाही. फक्त पाण्याच्या रेषेवर दोन भोकं पडलीत. ती माझ्या पट्टीची चूक, छापणाऱ्याची नाही.

रंगीत कामाबद्दल मात्र सांभाळून. दुसऱ्या कागदावर मुलीच्या लग्नातला फोटो होता. निळा झकास आला, हिरवा शालू बराच टिकला, पण कुंकवाचा लाल विटकरी झाला आणि फेट्याचा भगवा तर मळका. भट्टी सोसणारे रंग धातूंच्या ऑक्साइडचे. त्यात निळा आणि काळा पक्के, लाल बहुतेकदा दुबळा. हे ऑर्डर घेतानाच सांगायला हवं. व्हॉट्सअॅपवर प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, पाठवतात, ते मोबाइलच्या पडद्यावर लालभडक दिसतं आणि आपण खूश होतो. पांढरी शाई त्यांच्याकडे नाही. पांढरं हवं तर काचच पांढरी घ्या.

तिसरा कागद दारावरच्या पाट्यांचा होता. आम्ही कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल पाठवली आणि त्यांच्या मशीनवर फॉन्ट नव्हता. 'श्री' फुटला, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. प्रूफमध्ये दिसलं म्हणून वाचलो. मराठी मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच द्या, त्यांना "चालेल ना?" विचारत बसू नका. ते चालेल म्हणतात.

रंगात शिसं आहे का, असं विचारलं तर "बहुतेक नसेल काका" असं उत्तर आलं. बहुतेकवर मी जेवत नाही. या काचेच्या थाळीत खायचं काही ठेवणार नाही, भिंतीवर लावायची नाहीतर दारावर पाटी करायची.

पाचपैकी छपाईला साडेचार, माहितीला दीड. फोन केल्यावर पोरगा ओशाळला, काचेसाठी वेगळी चिठ्ठी करतो म्हणाला आणि चुकलेल्या मारुतीचा कागद अर्ध्या पैशात पुन्हा छापून दिला. कालच आलाय. बारीक कमरेचा मारुती सूनबाईने स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलाय. म्हणते, हाच राहू दे इथे, बाबांनी चिठ्ठी वाचून केलेला.