एलसॅटचे अनुमान-प्रश्न: उत्तर आधी काढावं की पर्याय गाळावेत?

एलसॅट या कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत लॉजिकल रीझनिंगच्या (तर्कक्षमतेच्या) एका विभागात ३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटही नाही. 'वरील विधानं खरी असतील तर काय खरं असलंच पाहिजे?' या प्रश्नाला दोन वाटांनी भिडता येतं.

पहिली वाट म्हणजे पर्याय झाकून निष्कर्ष आधी काढणं. 'सर्व', 'बहुतेक', 'जर-तर' असे शब्द दिसले की हीच धरावी. समजा, बहुतेक सभासद वकील आहेत आणि बहुतेक सभासद शाकाहारी आहेत. दोन्ही गट निम्म्याहून मोठे, म्हणून निदान एक सभासद वकीलही आहे आणि शाकाहारीही. 'बहुतेक वकील शाकाहारी आहेत' हा सापळा, कारण मोजणी सभासदांची होती, वकिलांची नाही. 'जर-तर' उलटं करतानाही असंच फसायला होतं: पाऊस पडला तर सामना रद्द, पण सामना रद्द झाला म्हणजे पाऊसच पडला असं नाही.

दुसरी वाट गाळणीची. उताऱ्यात सुटी माहितीच असेल तर अंदाज बांधत बसणं म्हणजे वेळ घालवणं. प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारा: उतारा खरा धरूनही हे खोटं असू शकतं का? असू शकत असेल तर बाद. 'सर्वाधिक आधार कशाला?' असं विचारलं असेल तर मात्र ही कसोटी सैल करावी लागते, नाहीतर पाचही पर्याय गळतात.

सरावात घड्याळ बाजूला ठेवून, प्रत्येक चुकीचा पर्याय नेमक्या कोणत्या शब्दामुळे पडला ते लिहून काढा. कंटाळवाणं आहे, पण सुधारणा इथेच होते.