आंब्याच्या संग्रहासाठी डीएनए मार्कर चाचणी: एका खासगी प्रयोगशाळेची सेवा

कोकणातील जुनी रायवळ झाडे आणि ठिकठिकाणांहून आणलेली हापूसची कलमे असलेल्या आमच्या संग्रहातील जनुकीय विविधता मोजण्यासाठी आम्ही एका खासगी प्रयोगशाळेची एसएसआर मार्कर (डीएनएमधील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवणाऱ्या खुणा) सेवा घेतली. आंब्याच्या पानांतील पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करांमुळे शुद्ध डीएनए मिळवणे अवघड असते. म्हणून कोवळी पाने सिलिका जेलमध्ये वाळवून पाठवण्याची त्यांची सूचना मोलाची ठरली.

सेवेची खरी पारख रत्ना या वाणावर झाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तो तयार झाला असल्याने, प्रत्येक मार्करच्या जागी त्याचा एक अलील (त्या जागेवरील डीएनएचे एक रूप) नीलमकडून आणि दुसरा हापूसकडून आलेला दिसायला हवा, आणि नावे न सांगता पाठवलेल्या नमुन्यांत तो अगदी तसाच दिसला. आरएपीडी या जुन्या डीएनए चाचणीच्या पद्धतीत दोन्ही अलील असे वेगळे वाचता येत नाहीत.

अहवालातील शिफारशीशी मात्र मी सहमत नाही. हापूसच्या कलमांचे मार्कर सारखे आले म्हणून ती ‘पुनरावृत्त’ ठरवून काढून टाकण्याचा सल्ला त्यात आहे. परंतु फांदीवरील उत्परिवर्तनाने फळात किंवा मोहोराच्या काळात पडलेला फरक मोजक्या एसएसआर मार्करांतून सहसा निसटतो. बागेतील अनेक हंगामांच्या नोंदींशिवाय एकही झाड तोडू नये. बियांपासून वाढलेल्या रायवळ झाडांसाठी ही सेवा अवश्य घ्यावी, आणि मागणी नोंदवतानाच चाचणीच्या यंत्रातून निघालेल्या मूळ आलेखांच्या फाइली मागून घ्याव्यात.